सातबाऱ्यावरचा पाऊस

१. एकराला साडेतीन हजार, हे आले कुठून?

“एकरभर सोयाबीन पाण्यात गेलं. हमीभावानं धरलं तरी चाळीस हजारांच्या वरचा माल होता. सरकारी दर म्हणे एकरी साडेतीन हजार. हा आकडा काढला कुणी, आणि कशावरून?”

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पारावर, बँकेच्या रांगेत, तहसीलच्या आवारात सारखा निघायचा. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. तुळजापूरला नवरात्राची गर्दी सुरू होत होती आणि त्याच सुमारास परंडा तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागत होती. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, वाचलं त्याच्या शेंगांना उभ्यानंच कोंब फुटले, काढून रचलेल्या गंजी वाहून गेल्या. नदीकाठी तर पिकाबरोबर मातीही गेली.

आधी प्रश्नातलं गणित तपासू. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. एकरी आठ क्विंटल धरले तर ४२,६२४ रुपये होतात. कोरडवाहू पिकासाठी सरकारी मदतीचा मूळ दर हेक्टरी ८,५०० रुपये. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, नेमकं सांगायचं तर २.४७. भागाकार केला की एकरी सुमारे ३,४४० रुपये येतात. म्हणजे विचारणाऱ्याचं गणित बरोबर आहे.

चूक आहे ती आपल्या अपेक्षेत. ८,५०० हा आकडा गेलेल्या मालाची किंमत काढून आलेलाच नाही. केंद्र सरकारच्या निकषांत या रकमेचा हेतू लिहिलेला आहे: पीक गेलेल्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीसाठी बी-खताला हातभार. बाजारभाव, उतारा, यंदा घातलेला खर्च यांपैकी काहीच त्या हिशोबात नाही. म्हणून दर पिकावर ठरत नाही, पाण्यावर ठरतो. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५००. सोयाबीन गेलं काय, उडीद गेला काय, कोरडवाहूचा दर तोच. द्राक्षबाग उभी करायला हेक्टरी लाखो रुपये लागतात हे तुळजापूर-धाराशिव भागात कुणाला सांगायला नको, पण तिलाही २२,५००च.

हे नीट कळलं की राग कमी होतो असं नाही. पण तो कुठं काढायचा ते कळतं. तलाठ्याच्या हातात दर नसतो.

२. पैसा कुणाच्या खिशातला?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं दोन निधी आले. राज्याचा एक, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, आणि देशाचा एक. राज्याच्या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. पूर आला की आधी हाच निधी उघडतो, तो पुरला नाही तर देशाच्या निधीकडे मागणी जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राला आपल्या वाट्याचा दुसरा हप्ता आगाऊ दिला, तो १,५६६.४० कोटींचा होता.

बातम्यांत ‘एनडीआरएफ’ असं आलं की घोटाळा होतो, कारण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे बोटी घेऊन येणारे जवान. दुसरी म्हणजे देशाचा निधी. ‘एनडीआरएफच्या निकषांप्रमाणे मदत’ यातला एनडीआरएफ निधीवाला, आणि राज्याच्या निधीलाही तेच निकष लागतात.

आता महत्त्वाचं. केंद्राचे निकष हा तळ आहे. त्यावर राज्य स्वतःच्या तिजोरीतून भर घालू शकतं, आणि घालतं की नाही हे त्या त्या वर्षावर अवलंबून असतं. गेल्या काही वर्षांचा कोरडवाहूचा दर बघा. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर राज्यानं हेक्टरी १०,००० रुपये दिले, दोन हेक्टरांपर्यंत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या तेव्हाच्या ६,८०० रुपयांच्या दुप्पट, म्हणजे १३,६०० दिले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. मार्च २०२३ मध्ये केंद्राचे सुधारलेले दर लागू करून ८,५०० केले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १३,६०० आणि तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये परत ८,५०० आणि दोन हेक्टर. चार महिन्यांत पूर आला आणि ऑक्टोबरमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टरांवर गेली.

एकाच रानातलं एकच पीक, पण २०२३ च्या मार्चात गेलं तर एक दर आणि नोव्हेंबरात गेलं तर दुसरा. यामागं शेतीचं काही शास्त्र असेल तर ते मला सापडलेलं नाही. निवडणुकीचं वेळापत्रक शेजारी ठेवून वाचायचं की नाही, ते वाचकानं ठरवावं.

७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजबद्दलही इथंच सांगून टाकतो. एवढा मोठा आकडा ऐकून ‘मग माझ्या वाट्याला इतकंच का?’ असं वाटणं साहजिक आहे. त्या बेरजेत रस्ते-पुलांच्या दुरुस्तीचा पैसा होता आणि पीकविम्यातून मिळेल असा धरलेला पैसाही होता. थेट पिकासाठीची वाढ होती ती अशी: मूळ दराखेरीज रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये. म्हणून त्या वर्षी कोरडवाहूला एकूण १८,५००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३२,५०० असे दर तोंडी बसले.

३. पाऊस कुणी मोजला?

पाऊस सगळ्यांवर पडतो, पण नोंद एका ठिकाणी होते. तालुक्याखाली महसूल मंडळ असतं आणि त्यात बरीच गावं येतात. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पूर्वी हे तहसीलच्या पर्जन्यमापकावर चालायचं. ‘महावेध’ प्रकल्पानंतर मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आली.

ही शितावरून भाताची परीक्षा आहे. एका पातेल्यातलं एक शीत दाबून भात शिजला का ते कळतं, कारण पातेलं एक आणि जाळ एक. मंडळात मात्र पातेली पुष्कळ आणि प्रत्येकाखाली जाळ वेगळा. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावात ढग फुटल्यासारखा पाऊस होतो आणि चार कोसांवर केंद्राच्या नळीत चाळीस मिलिमीटर दिसतो. अशा वेळी गावकरी म्हणतात, आमच्याकडं पाऊस झाला पण कागदावर झाला नाही.

धाराशिव जिल्ह्यात यात आणखी एक गुंता आहे. जिल्हा बालाघाटाच्या रांगेवर बसलेला. पश्चिमेच्या उतारावरचं पाणी सीनेतून भीमेला, म्हणजे शेवटी कृष्णेला जातं. पूर्वेचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. म्हणजे परंड्यात आभाळ कोरडं असलं तरी वरून आलेलं पाणी आणि सीना-कोळेगाव धरणातून सोडावा लागलेला विसर्ग नदीकाठची रानं बुडवू शकतो. पर्जन्यमापक नदीचं पाणी मोजत नाही. त्यामुळं अशा ठिकाणी नुकसान ‘अतिवृष्टी’ या सदरात दाखवण्याचा हट्ट धरून उपयोग नसतो. ‘पूर’ हे सदर वेगळं आहे, त्याला ६५ मिलिमीटरची अट नाही. अर्ज करताना हा फरक ज्याला माहीत असतो त्याचे हेलपाटे कमी होतात.

तिसराही एक प्रकार आहे. रोज थोडा थोडा पण दिवसचे दिवस पडणारा पाऊस. एकाही दिवशी ६५ चा आकडा गाठला जात नाही, रान मात्र चिबडतं आणि मुळ्या कुजतात. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत हा बसत नव्हता. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती राज्यापुरती मान्य केली.

पाणी न आल्याची मोजणीही सीमेवर अशीच अडकते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. परंड्याच्या दोन बाजूंचे बार्शी आणि करमाळा, दोन्ही सोलापूरचे, यादीत होते. मधला परंडा नव्हता. तालुक्याऐवजी मंडळ हे माप धरून राज्यातल्या हजाराहून अधिक मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती दिल्या, तेव्हा कुठं ही सुटलेली ठिगळं भरायला सुरुवात झाली.

४. पंचनामा: तिघांची सही आणि ३३ टक्के

पाऊस मोजून झाला की रान मोजायचं. त्यासाठी तिघं येतात: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. या तिघांचीही सरकारी पदनामं अलीकडं बदलली, गावात मात्र जुनीच चालतात. तिघं मिळून संयुक्त पंचनामा करतात.

तिथं पहिला प्रश्न येतो तो नुकसान किती टक्के झालं हा. पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत मिळते. एप्रिल २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. उंबरठा ओलांडल्यावर मात्र ३५ टक्के गेलं की ९५ टक्के, दर एकच. ज्याचं ३० टक्के गेलं त्याला शून्य. कुणाचं ३२ आणि कुणाचं ३४ हे गुडघाभर चिखलात उभं राहून नजरेनं ठरवायचं असतं, आणि एका कर्मचाऱ्याकडं दोन-तीन गावं असतात. पंचनाम्यावरून होणारी निम्मी भांडणं या एका आकड्याभोवती असतात, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

दुसरा प्रश्न: कागदावर कुठलं पीक आहे? ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून ‘ई-पीक पाहणी’ करून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं आहे. शेतात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर काहीच नाही, असं असलं की अडचण होते. पूर येईपर्यंत ही नोंद कुणाला आठवत नाही. रेंज नसणं, ॲप अडणं ही कारणं खरीच आहेत, पण ती पंचनाम्याच्या नमुन्यात लिहायला जागा नसते.

तिसरा प्रश्न क्षेत्राचा. तीन हेक्टर रान असेल आणि ओढ्याकडेचं एकच हेक्टर गेलं असेल तर मदत एका हेक्टराची. अगदी लहान तुकड्यांसाठी किमान रक्कम ठरलेली आहे: कोरडवाहूला १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिकला २,५०० रुपये.

५. दोन हिशोब

एक कल्पित खातेदार घेऊ. वाशी तालुक्यातलं गाव. आठ-अ वर त्यांची एकूण जमीन २ हेक्टर ६० आर, सगळी कोरडवाहू, सगळी सोयाबीनची, सगळी गेलेली. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, तेव्हा ८,५०० चा दर म्हणजे आराला ८५ रुपये. घरच्या घरी हिशोब करायला हे सोपं पडतं.

मे २०२५ च्या नियमानं मर्यादा दोन हेक्टर. वरचे ६० आर सुटले. २०० आर गुणिले ८५, म्हणजे १७,००० रुपये.

ऑक्टोबर २०२५ च्या नियमानं मर्यादा तीन हेक्टर, म्हणून पूर्ण २६० आर धरले. मूळ मदत २२,१००. शिवाय रब्बीसाठी आराला १०० रुपये, म्हणजे २६,०००. एकूण ४८,१०० रुपये. मात्र हे दोन वेगवेगळ्या यादींतून, वेगवेगळ्या वेळी येतात. खात्यात आधी २२,१०० दिसले म्हणजे बाकीचे कुणी खाल्ले असं लगेच समजू नये.

दुसरा हिशोब जास्त बोलका आहे. सहा हेक्टर जमीन वडिलांच्या एकट्याच्या नावावर, दोन मुलं तीच कसतात, वाटणी झालेली नाही. मर्यादा प्रति खातेदार असल्यामुळं मदत तीन हेक्टरांची: कोरडवाहूच्या १८,५०० दरानं ५५,५०० रुपये. शेजारी तसंच कुटुंब, तेवढीच जमीन, पण वाटणी होऊन दोन भावांची दोन खाती झालेली. तिथं दोघांना मिळून १,११,०००. पाऊस तोच, चिखल तोच, घरातली माणसंही तेवढीच. सामाईक खातं असेल तर आणखी एक पायरी: सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र दिल्याशिवाय पैसे एकाच्या खात्यावर पडत नाहीत, आणि एखादा भाऊ पुण्याला, एखादी बहीण सोलापूरला असली की तो कागद महिनाभर फिरतो.

यादी मंजूर झाली की प्रत्येक नावासमोर एक विशिष्ट क्रमांक पडतो. तो घेऊन ‘आपले सरकार’ केंद्रावर आधार पडताळणी करायची, मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा. ज्यांनी शेतकरी ओळखपत्र काढलं होतं त्यांना २०२५ मध्ये या पडताळणीतून सूट मिळाली. मदतीच्या रकमेतून बँकेनं कर्ज कापून घेऊ नये असं शासन निर्णयात दरवेळी लिहिलेलं असतं. खात्याला ‘होल्ड’ लागलाच तर त्याच निर्णयाची प्रत शाखेत दाखवावी.

६. पीक नाही, मातीच गेली तर

पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेली तर किती वर्षं जातात हे सांगणं अवघड आहे. काळ्या मातीचा वीतभर थर तयार व्हायला निसर्गाला शतकं लागतात, आणि पूर तो एका रात्रीत उचलून नेतो. खाली उघडा मुरूम राहतो. सीनेकाठच्या शिवारांत २०२५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं.

निकषांत याचे दोन प्रकार आहेत. रानात वाळू-गाळाचा तीन इंचांहून जाड थर साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. आणि जमीनच खरडून गेली असेल, नदीनं पात्र बदलून ती गिळली असेल तर हेक्टरी ४७,०००. केंद्राचा हा दर अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी आहे. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात राज्यानं याला एक जोड दिली: ४७,००० रोख आणि त्याखेरीज रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं.

‘हेक्टरी साडेतीन लाख’ अशी जी चर्चा गावोगाव झाली ती या बेरजेची. पण दोन्ही रकमांची जात वेगळी आहे. ४७,००० खात्यात येतात. तीन लाख येत नाहीत. त्यातून कामाचा अंदाज बनतो, मंजुरी मिळते, हजेरीपट निघतो, मजूर येतात, मोजमाप होतं आणि मजुरी मजुरांच्या खात्यात जाते. शेतकऱ्याला मिळतं ते दुरुस्त झालेलं रान, झालं तर.

रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवायचं असतं. तेच इथं धरलं तर तीन लाखांतले १,८०,००० मजुरीचे. २०२५-२६ चा महाराष्ट्रातला मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये. भागाकार ५७७ मनुष्यदिवस. म्हणजे एका हेक्टरावर दहा मजूर जवळपास दोन महिने. कागदावर हे छान दिसतं. खरडलेल्या रानात माती बाहेरून आणून टाकावी लागते आणि ती टोपल्यांनी येत नाही, ट्रॅक्टरनं येते. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना इथं कामाची ठरू शकते, कारण तलावाच्या तळाचा गाळ म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी रानातून वाहून आलेली मातीच असते. पण तलाव भरलेले असताना गाळ निघत नाही. पुरानंतरच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

७. दावणीचा हिशोब

या जिल्ह्याच्या जुन्या नावानं जगभर ओळखली जाणारी एकच गोष्ट असेल तर ती उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, बहुतेकदा जुळी देणारी. भूमिहीनाच्या घरातही दोन-चार असतात आणि लग्न, दवाखाना, शाळेची फी असे खर्च तिच्यावर निघतात. सरकारी निकषात शेळी-मेंढीला ४,००० रुपये. चांगल्या गाभण शेळीला बाजारात यापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात.

दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, कोंबडीला १००. एरवी कुटुंबामागं तीन मोठी दुभती जनावरं किंवा तीस लहान अशी मर्यादा असते. भूमसारख्या तालुक्यात, जिथं खव्याच्या भट्ट्यांवर घरं चालतात, तीन ही संख्या फार लहान. २०२५ मध्ये राज्यानं ही मर्यादा काढली, ते योग्यच झालं.

पण सगळ्यात कठीण असतो पुरावा. गोठ्यात मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो. रात्रीतून वाहून गेलेल्याचा कसा करायचा? अशा वेळी कानातला बारा अंकी बिल्ला उपयोगी पडतो, कारण जनावर नसलं तरी त्याची नोंद शिल्लक असते. दुभत्या म्हशीला बिल्ला मारून घेणारे पुष्कळ आहेत. शेळ्यांच्या बाबतीत हे क्वचित घडतं, आणि ज्याच्याकडं फक्त शेळ्याच असतात त्याच्याकडं दुसरा कुठला कागदही नसतो.

८. विमा हे वेगळं प्रकरण

मदत आणि पीकविमा यांची सरमिसळ इतकी झालीय की दोन्हींतला फरक एकदा स्पष्ट सांगायला हवा. मदत सरकार देतं, त्यासाठी आधी काही भरावं लागत नाही. विमा हा करार असतो. हप्ता भरलेल्यालाच मिळतो आणि मदत मिळाली म्हणून विमा बुडत नाही.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य आणि गळिताच्या पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के. महाराष्ट्रानं २०२३ च्या खरिपापासून तो एका रुपयावर आणला. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला. त्याबरोबर एक मोठा बदल झाला जो अनेकांना पूर आल्यावरच कळला: वैयक्तिक शेतातल्या नुकसानीची सूचना देऊन मिळणारी भरपाई राज्याच्या योजनेतून गेली. उरला तो पीक कापणी प्रयोग. मंडळात काही ठिकाणी पीक कापून सरासरी उतारा काढायचा आणि ठरलेल्या उंबरठा उत्पादनाशी ताडायचा. उदाहरणार्थ उंबरठा हेक्टरी १० क्विंटल, प्रत्यक्षात ६ भरले, घट ४० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर भरपाई २०,०००. मंडळाची सरासरी १० च्या वर राहिली तर तुमचं रान पूर्ण बुडालं तरी शून्य.

जुन्या पद्धतीतही सुख नव्हतं. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर या जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना विमा नाकारला गेला, कारण त्यांनी ७२ तासांत नुकसानीची सूचना दिली नव्हती. रस्ते पाण्याखाली, वीज नाही, मोबाइल बंद, तेव्हाचे ते ७२ तास. सरकारचे पंचनामे मात्र झालेले होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. ७२ तासांची सबब टिकली नाही. तरीही वसुली रखडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील उपोषणाला बसले. जिल्ह्यात आजही कुणी ‘२०२० चा विमा’ म्हटलं की पुढचं वाक्य सांगावं लागत नाही.

९. ज्याच्या नावावर काहीच नाही

इथपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर एकच कागद भेटत आला: सातबारा. मदत रानाला लागते आणि रान ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात पडते. मालक पुण्यात नोकरीला आणि बटईनं कसणारा गावात असेल तर बी-खत घालणारा एक आणि मदत घेणारा दुसरा. बटईचे करार बहुतेक तोंडी असतात. मालक भला असेल तर अर्धी रक्कम हातावर ठेवतो. नवरा गेल्यावर वारसनोंद न झालेल्या बाईचंही तेच. रान ती कसते, यादीत नाव मेलेल्या माणसाचं येतं, आणि ते खातं बँकेनं कधीच बंद केलेलं असतं. वारसनोंद हे काम सुतक संपताच तलाठ्याकडं अर्ज देऊन उरकावं, हा सल्ला मी या प्रकरणातला सर्वांत उपयोगी सल्ला मानतो.

१९७२ च्या दुष्काळात माप निराळं होतं. तेव्हा मदत कामाच्या रूपात आली. खडी फोडा, पाझर तलावावर माती टाका, मजुरी आणि सुकडी घ्या. कामावर येणाऱ्याला जमीन किती हे कुणी विचारत नव्हतं. त्यामुळं बागायतदाराची सून आणि तिच्याकडं खुरपायला येणारी बाई एकाच हजेरीपटावर दिसायच्या. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात बळ मिळालं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळाची मदत हाताला मिळाली आणि पुराची मदत सातबाऱ्याला मिळते, हा फरक मला दराच्या वादापेक्षा मोठा वाटतो. पुरात पीक गेलं की काढणीची मजुरीही जाते, आणि तिचा पंचनामा कुणी करत नाही. मजुराचं घर पुरात गेलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० हा केंद्राचा निकष आहे. 

म्हणून २०२५ च्या पॅकेजातली रोजगार हमीची ती तीन लाखांची जोड मला सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखी वाटते. निदान एका ठिकाणी शेतकऱ्याचं रान आणि मजुराचा हात एकाच योजनेत आले. अडचण वेळापत्रकाची आहे. चिबडलेल्या रानात दिवाळीपर्यंत पाय ठरत नाही. नोव्हेंबरात कारखाने सुरू होतात आणि परंडा, भूम, वाशी, कळंब भागातल्या मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, उचल आधीच घेतलेली असते. ती माणसं परततात मार्चच्या आसपास. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरला तर हेक्टरी ५७७ मनुष्यदिवसांचं काम बसवायला मधे उरतात जेमतेम अडीच-तीन महिने, आणि तेही मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे.